छोटा अ‍ॅम्प स्टेजवर ऐकूच येत नाही? विकण्याआधी हे तपासून बघा

हा एकच आजार मी एवढ्या वेळा बघितलाय की आता समोरच्याने अर्धं वाक्य बोललं की उरलेलं मीच पूर्ण करतो. "अरे गिटारसाठी १५ वॅटचा अ‍ॅम्प घेतला, घरी खिडक्या वाजतात, आणि काल प्रॅक्टिसला ड्रमरने काउंट दिला आणि मी संपलोच, माझं मलाच ऐकू येईना." आणि मग लगेच, "विकून ५० चा घेऊ का?" घ्या की, कोण अडवतंय, पण त्याआधी एक संध्याकाळ काढा आणि खालचं सगळं क्रमाने करून बघा. क्रम मुद्दाम तसा लावलाय, वरच्या गोष्टींना पैसे लागत नाहीत, खाली जाल तसा खिसा हलका होतो आणि सगळ्यात शेवटी अशा गोष्टी आहेत ज्यांना मी स्वतःसुद्धा हात लावत नाही.

आधी लक्षणं

"ऐकू येत नाही" असं सगळेच म्हणतात, पण त्याखाली वेगवेगळे आजार असतात. आपला कुठला ते ठरवा.

- घरी एकट्याने वाजवताना टोन एकदम भरदार, बँड सुरू झाला की गायब. सोलोला तर विचारूच नका.
- व्हॉल्यूम अर्ध्याच्या पुढे नेला की आवाज वाढतच नाही, नुसता गढूळ होत जातो. खालच्या तारांवर कॉर्ड मारली की भसभस.
- तुम्हाला काही ऐकू येत नाही, पण समोर बसलेला माणूस कानात बोटं घालून बसलाय.
- सोलोसाठी बूस्ट पेडल (पायाने दाबून सिग्नल वाढवायची डबी) दाबलं तरी आवाज तेवढाच, फक्त जास्त फाटका.
- पहिली तीन-चार गाणी ठीक, मग हळूहळू आवाज बसत जातो.
- मध्येच आवाज अर्धा होतो, अ‍ॅम्पला थाप मारली की परत येतो.

पहिली चार लक्षणं असतील तर अ‍ॅम्प बहुतेक धडधाकट आहे, वापरण्यात गडबड आहे. शेवटचं असेल तर सरळ खाली तारांच्या भागात जा, नॉब फिरवण्यात वेळ घालवू नका. पाचवं जरा फसवं आहे, त्याच्याकडे ट्यूबच्या (अ‍ॅम्पमधल्या काचेच्या नळ्यांच्या) वेळी येतो.

वॅट वाढवून काय मिळतं

हे मी पैसे घालवून शिकलोय म्हणून आधी सांगतो. माझा १५ वॅटचा कॉम्बो (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) विकून मी ३० वॅटचा घेतला, वजन जवळजवळ दुप्पट, जिने चढवताना कंबरेने शिव्या दिल्या, आणि पहिल्याच शोला ड्रमच्या शेजारी ठेवल्यावर तक्रार जशीच्या तशी. कारण नंतर कळलं. पॉवर दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो. कानाला "दुप्पट मोठा" वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे पॉवर दहापट. ५ वॅटच्या पुढे दुप्पट आवाज हवा तर ५० वॅट पाहिजेत, १५ च्या पुढे हवा तर १५०. मी १५ वरून ३० वर जाऊन जे मिळवलं तेवढं तर एक चांगला स्पीकर बदलून मिळालं असतं, कंबरही वाचली असती.

म्हणून छोटा अ‍ॅम्प घेताना किंवा आहे तो टाकून देताना वॅटचा आकडा सगळ्यात शेवटी बघायचा असतो, आणि आपण सगळे तोच सगळ्यात आधी बघतो.

१. ज्या गोष्टी सांगायला लाज वाटते त्या

हसू नका. अ‍ॅम्पच्या मागे टॉर्च मारा. आजकालच्या बऱ्याच छोट्या ट्यूब अ‍ॅम्पना पॉवर कमी करायचा एक स्विच असतो, १५ चं ५ किंवा ५ चं १ वॅट करणारा, घरी रात्री वाजवायला. आमच्या बँडमधला दुसरा गिटारवाला महिनाभर रडत होता, मी मागे वाकून बघितलं तर तो इवलासा स्विच खाली दाबलेला आणि त्याच्यावर नावाची चिकटपट्टी लावलेली, म्हणजे बघायची सोयच नाही. चिकटपट्टी काढली, स्विच वर केला, ड्रमर दचकला, विषय संपला.

दुसरं, इनपुटला दोन भोकं असतील तर कुठल्यात जॅक घातलाय ते बघा. 'लो' किंवा २ नंबरच्या इनपुटमध्ये एकटी गिटार लावली तर बऱ्याच सर्किटमध्ये सिग्नल ६ डेसिबलने पडतो. तिसरं, गिटारचा स्वतःचा व्हॉल्यूम नॉब. हो, खरंच.

२. नॉब, आणि त्यातही मिड

घरचा टोन स्टेजवर का मरतो हे एकदा समजलं की अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. हळू आवाजात आपल्या कानाला खालचे आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात, मधले जास्त. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली हे मोजून दाखवलं. म्हणून घरी हळू वाजवताना आपण बेस (खालचे सूर) ८, ट्रेबल (वरचे) ८, मिड (मधले) ३ असं करून ठेवतो आणि ते ऐकायला काय मस्त लागतं. स्टेजवर मात्र खालचा सगळा भाग बेस गिटार आणि किक ड्रम घेतात, वरचा सगळा भाग सिंबल घेतात. तुम्ही नेमक्या त्याच दोन ठिकाणी गर्दीत घुसलाय, आणि मधली जागा, जी गिटारसाठी रिकामी होती, ती स्वतःच्या हाताने कापून टाकलीय. गिटारची सगळ्यात खालची मोकळी तार सुमारे ८२ हर्ट्झची, पण ती लोकांना ओळखू येते ती साधारण ४०० हर्ट्झ ते ३ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात. तिथे जोर लावा.

मी काय करतो ते सांगतो. बेस ३, मिड ७, ट्रेबल ५, आणि गेन (आवाज किती फाटवायचा तो नॉब) जिथे आहे तिथून निदान एक तृतीयांश खाली. एकट्याने ऐकलं तर नाकात बोलल्यासारखा टोन वाटेल, "शी, हे काय" असं होईल, तरी हात लावू नका. बँड सुरू होऊ द्या आणि मग ठरवा. टोन बँडसोबतच लावायचा, एकट्याने लावलेला टोन प्रॅक्टिसच्या पहिल्या मिनिटात निकालात निघतो.

गेनबद्दल वेगळं सांगतो कारण यावर भांडणं होतात. डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज फाटणं, जास्त म्हणजे आवाज जास्त असं वाटतं, प्रत्यक्षात डिस्टॉर्शन सिग्नलचं डोकं छाटून सपाट करतं, त्यामुळे पिकचा जो टोकदार पहिला ठोका असतो तोच बुजतो. ड्रममधून वर येतो तो हाच ठोका. गेन कमी करून मास्टर व्हॉल्यूम वाढवलात की तेवढ्याच वॅटमध्ये तुम्ही पुढे येता.

तुमच्या अ‍ॅम्पला मिडचा नॉबच नसेल तर? फेंडर डिलक्स रिव्हर्बसारख्या २२ वॅटच्या प्रसिद्ध अ‍ॅम्पला पण फक्त ट्रेबल आणि बेस आहेत. दोन्ही खाली आणा, व्हॉल्यूम वर न्या. बहुतेक ट्यूब अ‍ॅम्पचे टोन नॉब काही वाढवत नाहीत, ते फक्त कापायचं काम करतात, त्यामुळे दोन टोकं कापली की मधलं आपोआप वर येतं.

३. अ‍ॅम्प कुठे ठेवलाय

गिटारचा स्पीकर दिव्यासारखा चहूकडे पसरत नाही. १२ इंची स्पीकर साधारण १ किलोहर्ट्झच्या वर टॉर्चसारखा वागायला लागतो, झोत सरळ पुढे. आता कॉम्बो जमिनीवर, तुम्ही त्याच्या दोन फूट पुढे उभे, म्हणजे झोत तुमच्या पायांमधून निघून थेट पहिल्या रांगेच्या कानात. तुम्हाला कमी वाटतं म्हणून तुम्ही वाढवता, त्या बिचाऱ्यांचे कान जातात, साऊंडवाला तुमच्यावर ओरडतो. तिसरं लक्षण होतं ना वर, ते हेच.

उपाय फुकट आहे. अ‍ॅम्प मागे तिरका करा, खाली लाकडाचा तुकडा किंवा तिरका स्टँड लावा, किंवा रिकाम्या पेटीवर कमरेएवढा उचला. जमिनीवरून उचलला की बेसची गुणगुण पण कमी होते, कारण जमीन आणि भिंत खालच्या सुरांना जोर देतात, कोपऱ्यात तर विचारू नका. खोलीत बेस भसभस करत असेल तर आधी कोपऱ्यातून बाहेर काढा. उलट मोकळ्या मैदानात टोन अगदीच पातळ वाटला तर मी मुद्दाम जमिनीवर ठेवतो.

अंतराचंही गणित असतं. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो. अ‍ॅम्प चार मीटरवर असेल आणि तुम्ही तो दोन मीटरवर आणलात तर तेवढं परत मिळतं, तेच वॅटमधून मिळवायचं तर चौपट वॅट लागतील. बंद खोलीत एवढा स्वच्छ फरक पडत नाही पण पडतो. आणि ड्रमरच्या दुसऱ्या बाजूला उभे राहा, क्रॅश सिंबल जर तुमच्या कानापासून हातभर अंतरावर असेल तर कुठलाच अ‍ॅम्प पुरणार नाही.

ड्रमरला "जरा हळू" सांगणं हा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि तो का चालत नाही हे ज्याने बँडमध्ये वाजवलंय त्याला समजावायला नको.

४. पेडल बाजूला काढा

सगळी पेडल काढून गिटार एका चांगल्या केबलने सरळ अ‍ॅम्पला लावा. आवाज एकदम उघडला तर दोष अ‍ॅम्पचा नाही. मरत आलेली ९ व्होल्टची बॅटरी, एखादी दोन पेडलांमधली सडकी छोटी केबल, किंवा व्हॉल्यूम कमी ठेवलेलं एखादं पेडल असतं. मग एकेक पेडल परत जोडत जा, चोर सापडतो. लांबच लांब केबलही वरचे सूर खाते, तेही याच वेळी कळतं.

आता बूस्टचं. चौथं लक्षण आठवा. अ‍ॅम्पचा प्रीअ‍ॅम्प (गिटारचा सिग्नल सुरुवातीला वाढवणारा भाग) आधीच गेनने भरून वाहतोय आणि तुम्ही त्याच्या पुढे बूस्ट लावलंय. भरलेल्या बादलीत अजून पाणी ओतलं तर पातळी वाढत नाही, फक्त सांडतं. जास्त डिस्टॉर्शन मिळतं, जास्त आवाज मिळत नाही. अ‍ॅम्पला इफेक्ट्स लूप (पेडल मध्येच जोडायची भोकं) असेल तर बूस्ट किंवा ईक्यू पेडल (ठरावीक सूर कमी-जास्त करणारं) तिथे लावा, म्हणजे प्रीअ‍ॅम्पच्या नंतर. सोलोला ८०० हर्ट्झच्या आसपास ४-५ डेसिबल वाढवा, मला अजून कुणी नाराज झालेला दिसला नाही. लूप नसेल तर उलट करा, प्रीअ‍ॅम्प जरा स्वच्छ ठेवा, डिस्टॉर्शन पेडलमधून घ्या आणि बूस्ट त्याच्या नंतर लावा.

पण एक, स्पीकरला ताकद देणाऱ्या पॉवर ट्यूबच जर शेवटपर्यंत ताणल्या असतील तर लूपमधला बूस्ट पण काही करत नाही. तिथे वॅट खरंच संपले. तेव्हा ताल वाजवताना अ‍ॅम्प थोडा कमी आवाजात ठेवा, सोलोसाठी जागा राखून.

५. माइक मागा

मोठ्या जागेत स्टेजवरचा अ‍ॅम्प मागच्या रांगेपर्यंत पोचवायचाच नसतो, ते काम पीएचं, म्हणजे प्रेक्षकांसमोर लावलेल्या मोठ्या स्पीकरचं. १५ ऑगस्ट १९६५ ला बीटल्स न्यूयॉर्कच्या शी स्टेडियममध्ये वाजले, समोर सुमारे ५५ हजार लोक, वॉक्स कंपनीने त्या दौऱ्यासाठी १०० वॅटचे अ‍ॅम्प दिलेले, आणि तरी ओरड्यापुढे कुणाला काही धड ऐकू आलं नाही, स्टेजवरच्या त्या चौघांनाही नाही. म्हणजे १०० वॅट त्यांनाही पुरले नाहीत. आज माइक आणि बरा पीए असेल तर ५ वॅटचा अ‍ॅम्प मैदान भरून टाकतो.

माइक म्हणून शूअरचा एसएम५७ जवळजवळ सगळीकडे असतो, तोही १९६५ पासूनच चालू आहे. जाळीपासून एक-दोन इंचांवर लावा. स्पीकरच्या बरोबर मध्ये जी गोल टोपी असते तिच्यावर रोखला तर आवाज कर्कश, अगदी कडेला नेला तर मंद, मी टोपीच्या कडेवर ठेवून सुरुवात करतो आणि बोटभर इकडे तिकडे करतो. त्या बोटभर अंतराने जेवढा टोन बदलतो तेवढा अ‍ॅम्पचा नॉब पूर्ण फिरवूनही कधी कधी बदलत नाही. आणि साऊंडवाल्याला नम्रपणे सांगा, "दादा, माझ्या मॉनिटरमध्ये थोडी गिटार द्या." मॉनिटर म्हणजे स्टेजवर तुमच्याकडे तोंड केलेला स्पीकर. हे वाक्य न बोलल्यामुळे लोकांनी अ‍ॅम्प विकलेत.

माइक नसेल पण अ‍ॅम्पला लाइन आउट (सिग्नल सरळ पीएला द्यायचं भोक) असेल तर तो वापरा, पण त्यात स्पीकरची नक्कल करणारं सर्किट आहे का ते बघा. नसेल तर आवाज पीएमधून माश्या घोंघावल्यासारखा येतो, कारण गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं गाळतो आणि पीए गाळत नाही.

६. स्पीकरच्या तारा

इथून पुढे हातात हत्यार लागतं. अ‍ॅम्प बंद, भिंतीतून प्लग काढलेला, थंड झालेला. आपण फक्त मागची पट्टी उघडून स्पीकरला हात लावणार आहोत. सर्किटची धातूची पेटी उघडायची नाही, म्हणजे नाही.

एकदा दोन १० इंची स्पीकरचा एक कॉम्बो माझ्याकडे आला, तक्रार अशी की शोच्या मध्ये आवाज अर्धा होतो. नॉब ठीक, ट्यूब ठीक. मागची पट्टी काढली आणि टॉर्च मारला तर एका स्पीकरची पिवळी तार दिसायला टर्मिनलवर बसलेली, पण बोट लावलं तर निसटून खाली लोंबायला लागली. पितळेची क्लिप सैल होऊन तोंड वासून बसलेली. जोरात वाजलं की थरथरून सुटायची, थाप मारली की टेकायची. पक्कडीने क्लिपचं तोंड किंचित दाबलं, परत बसवली, ओढून बघितली, झालं. तो माणूस दुसरा अ‍ॅम्प बघून आला होता.

मल्टिमीटर असेल तर खात्री करता येते. अ‍ॅम्पपासून स्पीकरचा प्लग काढा आणि प्लगच्या दोन टोकांमध्ये ओहम (विजेला होणारा अडथळा) मोजा. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर ८ दाखवत नाही, ६ ते ७ दाखवतो, १६ चा असेल तर १२-१३ च्या आसपास, यात घाबरायचं काही नाही. ८ चे दोन समांतर जोडलेले असतील तर ३ च्या आसपास यायला हवं, तिथे ६ च्या वर आलं तर एक स्पीकर सुटलाय किंवा जळलाय. काहीच आकडा येत नसेल तर तार तुटलीय किंवा कॉइल (स्पीकरमधलं तारेचं वेटोळं) गेलीय.

दोन स्पीकर आहेत, दोन्ही वाजतायत, पण बेस कुठे गेलाच कळत नाही? एकाच्या तारा उलट्या जोडल्या असतील. एक पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो आणि खालचे सूर एकमेकांना खातात. स्पीकर अ‍ॅम्पपासून सुटा करून साध्या १.५ व्होल्टच्या सेलची टोकं क्षणभर टेकवा, प्लसला प्लस. दोन्ही स्पीकरचे कागद एकाच दिशेने हलले पाहिजेत. कुणीतरी आधी स्पीकर बदललेला सेकंडहँड अ‍ॅम्प असेल तर ही तपासणी चुकवू नका.

कागदाचा कोन दोन्ही हातांच्या बोटांनी सगळीकडून सारखा दाबून हळूच आत ढकला. खरखर घासल्याचा आवाज आला तर कॉइल घासतेय, स्पीकर गेला.

आणि हेड (नुसता अ‍ॅम्प) आणि कॅबिनेट (स्पीकरची पेटी) वेगळे असतील तर मधली केबल गिटारची वापरू नका, स्पीकरचीच वापरा, दिसायला दोन्ही सारख्या असतात. गिटारच्या केबलची आतली तार बारीक असते, ती तापते आणि तुटली तर ट्यूब अ‍ॅम्प स्पीकरशिवाय चालतो. ट्यूब अ‍ॅम्प स्पीकरशिवाय चालवला की आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो, आणि अ‍ॅम्पमधले सगळ्यात महाग भाग मोजायला बसलात तर तो पहिल्या दोनात येतो.

७. ट्यूब

पाचवं लक्षण, आवाज हळूहळू बसतो. ट्यूबला दोष देण्याआधी स्वतःचे कान तपासा. मोठ्या आवाजात कान दमतात, तात्पुरते बधिर होतात आणि आपल्याला वाटतं अ‍ॅम्प बसला. अमेरिकेतली निओश ही संस्था ८५ डेसिबलला ८ तास ही मर्यादा मानते, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. आपली प्रॅक्टिस किती वाजता सुरू होऊन किती वाजता संपते ते तुम्हीच बघा. फोन एका जागी ठेवून पहिलं आणि शेवटचं गाणं रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ड्रमच्या मानाने गिटार किती आहे ते ऐका. सारखीच असेल तर कानात घालायचे प्लग घ्या, ट्यूब नको.

खरंच बसत असेल तर पॉवर ट्यूब थकलेल्या असू शकतात. छोट्या अ‍ॅम्पमध्ये, विशेषतः ईएल८४ जातीच्या पॉवर ट्यूबवाल्यांमध्ये, ट्यूबला पिळून काढलेलं असतं, त्या लवकर थकतात. प्रीअ‍ॅम्पच्या १२एएक्स७ ट्यूब बाहेरून पोचता येत असतील तर तुम्ही स्वतः बदलून बघू शकता. अ‍ॅम्प बंद, प्लग बाहेर, ट्यूब थंड, मग सरळ बाहेर ओढा, एक खात्रीची चांगली ट्यूब घेऊन एकेका जागी लावून बघत जा. पॉवर ट्यूबचं तसं नाही. ज्या अ‍ॅम्पमध्ये बायस (ट्यूबमधून किती करंट जायचा ते) लावावा लागतो तिथे नुसती ट्यूब खुपसून चालत नाही, चुकीचा बायस नव्या ट्यूबला पण खातो. वॉक्स एसी१५ च्या घराण्यातल्या कॅथोड बायसवाल्यांना (जे तो स्वतःच सांभाळतात) सहसा लावावा लागत नाही, पण तुमचा कुठला हे माहीत नसेल तर अंदाजाने करू नका.

ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प (बिनट्यूबचा) तापून आवाज सोडत असेल तर मागची हवा पडद्याने किंवा गिटारच्या पिशवीने बंद झालीय का बघा.

८. स्पीकर बदलणं

एवढं सगळं करूनही कमीच पडत असेल तर आता खिशात हात घाला, पण अ‍ॅम्पसाठी नाही, स्पीकरसाठी. स्पीकरच्या कागदपत्रावर एक आकडा असतो, १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल. सेलेस्टियन कंपनीचा ग्रीनबॅक ९८, व्हिंटेज ३० हा १००. छोट्या प्रॅक्टिस अ‍ॅम्पमधले ८ इंची स्पीकर याच्या बरेच खाली असतात. ९५ वाला काढून १०० वाला लावला तर ५ डेसिबल, म्हणजे १५ वॅटचा अ‍ॅम्प जवळजवळ ५० वॅटच्या अ‍ॅम्पएवढा वाजतो आणि वजन किलो-दोन किलोच वाढतं. मला हा सौदा अजून पटतो.

बदलताना ओहम तेवढेच ठेवा आणि स्पीकरची क्षमता अ‍ॅम्पच्या निदान दुप्पट घ्या, कारण ट्यूब अ‍ॅम्प फाटेपर्यंत ताणला की लिहिलेल्या वॅटपेक्षा जास्त देतो. ग्रीनबॅक २५ वॅटचा, व्हिंटेज ३० नाव असूनही ६० वॅटचा. टोन बदलणार हे धरून चाला, जास्त आवाजाचे काही स्पीकर कानात टोचतात.

बाहेरून दुसरं कॅबिनेट जोडायची सोय असेल तर तेही करा, दोन स्पीकर मिळून साधारण ३ डेसिबल वाढतात आणि आवाज पसरतो. ओहमचं गणित मात्र आधी करा, ८ आणि ८ समांतर म्हणजे ४, अ‍ॅम्पवर ४ चं भोक आहे का? ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पला लिहिलेल्यापेक्षा कमी ओहम दिले तर तो जळतो.

९. मग घ्यायचाच असेल तर

एकच प्रश्न विचारा, तुम्हाला मोठ्या आवाजात स्वच्छ टोन हवाय की थोडा फाटलेला चालतो? ब्लूज, रॉक, थोडा कुरकुरीत टोन, आणि माइक मिळतो, तर १० ते १५ वॅटचा ट्यूब अ‍ॅम्प पुष्कळ झाला, ५ चाही चालतो. जोरकस ड्रमर, पीएमध्ये फक्त गाणं, आणि तुम्हाला काचेसारखा स्वच्छ टोन हवाय, तर १५ पुरणार नाही, माझ्या अनुभवात २२ काठावर, ४० च्या पुढे जा किंवा सरळ ट्रान्झिस्टरचा मोठा घ्या. ट्रान्झिस्टरचे वॅट "लहान" असतात हे खरं नाही, वॅट तो वॅटच. ट्यूब फाटते तेव्हा गोड वाटतं म्हणून आपण तिला शेवटपर्यंत वापरतो, ट्रान्झिस्टर फाटला की घाण वाटतं म्हणून आपण अलीकडेच थांबतो. म्हणून १५ वॅटचा, ८ इंची स्पीकरवाला ट्रान्झिस्टर प्रॅक्टिस अ‍ॅम्प बँडसाठी घेऊ नका, तो त्यासाठी बनवलेलाच नाही.

बाकी १२ इंची नाहीतर बरा १० इंची स्पीकर, बाहेरच्या स्पीकरचं भोक, इफेक्ट्स लूप, स्पीकर नक्कलवाला लाइन आउट, या चारपैकी तीन तरी असू देत. आणि घ्यायच्या आधी ड्रमरसोबत वाजवून बघा, दुकानात एकट्याने वाजवून सगळेच अ‍ॅम्प भारी वाटतात.

इथे थांबा आणि कारागिराकडे न्या

फ्यूज एकदा उडाला तर तेवढ्याच आकड्याचा लावा, परत उडाला तर संपलं, मोठा फ्यूज किंवा चांदीचा कागद लावणारे महाभाग मी बघितलेत आणि त्यांचे जळके ट्रान्सफॉर्मरही. ट्यूबच्या आतला बारीक तंतू केशरी दिसतो ते बरोबर, पण बाहेरचा राखाडी पत्रा लाल व्हायला लागला तर त्या सेकंदाला बंद करा. जळका वास, धूर, अचानक मोठी घूं, बंद. आणि ओठ माइकला लागल्यावर झटका किंवा तारांना हात लावल्यावर मुंग्या, तर शो गेला खड्ड्यात, सगळं बंद करून आधी अर्थिंग बघून घ्या. घूं जावी म्हणून प्लगची अर्थची पिन तोडणारा मित्र असेल तर त्याला तुमच्या अ‍ॅम्पपासून लांब ठेवा.

सर्किटची पेटी का उघडायची नाही, तर आतले कपॅसिटर ३०० ते ४५० व्होल्ट धरून बसलेले असतात, आणि प्लग काढल्यानंतरही बराच वेळ धरून राहू शकतात. ते रिकामे कसे करायचे आणि रिकामे झाले हे कसं मोजायचं हे ज्याला येतं त्याचंच ते काम. मला थोडंफार येतं, तरी मी देतो.

देताना एक चिठ्ठी लावून द्या. कुठल्या चॅनलवर होतं, थंड असताना की अर्ध्या तासाने, थाप मारल्यावर बदलतं का, तुम्ही काय काय बदलून बघितलं. आणि हेड देत असाल तर स्पीकरची केबलही सोबत द्या. मी एकदा नुसतं हेड दिलं, त्याने आठवडाभर वाजवून "काही दोष नाही" म्हणून परत केलं, आणि दोष माझ्या घरी खुंटीवर लटकत होता, त्या केबलमध्ये.